येताना बेदाणे आणू नकोस

हानोव्हर,
८ मार्च

ती. आई-बाबा यांस,


व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण बाबा तिसऱ्या ओळीच्या पुढे वाचत नाहीत आणि तू सगळं वाचून 'बरं' एवढंच लिहितेस. म्हणून हे रीतसर पत्र. विमानात दोघांनी आळीपाळीने वाचा. विषय एकच, आमचा कुत्रा बंड्या.

एप्रिलमध्ये तुम्ही आमच्या दाराची बेल दाबाल. त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय करायचं नाही, ते यात आहे.

जानेवारीत सत्यनारायण घातला तेव्हा इथली १४ मराठी माणसं आली होती. बंड्या २८ किलोंचा. बेल वाजली की सोफ्यावरून सुटतो, लाकडी जमिनीवर वळताना घसरतो, चपलांच्या कपाटावर धडकतो आणि दार उघडताच येणाऱ्याच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय ठेवून तोंड चाटायला बघतो. मायाच ती, पण एका काकूंच्या पैठणीच्या काठातून त्याच्या नखाने वीतभर जर ओढून काढली, तेव्हा माया समजावून सांगायची सोय राहिली नाही. एक काका 'हट् हट्' करत हात वर करून मागे सरकले. त्याला वाटलं, खेळायला आलेत. तिसऱ्या अध्यायात तो कोणाचा तरी मोजा तोंडात धरून देवापुढून गेला. आणि प्रसादाच्या वेळी त्याची जीभ शिऱ्याच्या द्रोणापासून चार बोटांवर असताना तुझी नात किंचाळली, "बेदाणे!"

हे नीट ऐक, आई. द्राक्षं आणि बेदाणे म्हणजे कुत्र्याला विष. थोड्याशा बेदाण्यांनीही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दोष त्यातल्या टार्टारिक आम्लाचा असावा असं पशुवैद्य आता मानतात, आणि ते चिंचेतही असतं. म्हणजे आपली आमटी बाद. कांदा-लसूण तर आधीपासूनच बाद. तासगावच्या घरात बेदाणा न चालणारं जनावर यावं, काय म्हणायचं! बाबा, बेदाण्याच्या शेडवरच्या कुत्र्यांचं उदाहरण देऊ नका. कुठल्याला पचतं आणि कुठल्याला नाही, हे आधी कळत नाही. तर यंदा पाच किलोंचा डबा नको. आणलाच, तर बॅगेतून थेट वरच्या फळीवर.

त्या दिवसानंतर कुत्र्यांच्या शाळेतल्या एका बाईंना घरी बोलावलं. हसू नका बाबा. आमच्या या लोअर सॅक्सनी राज्यात २०१३ पासून नव्याने कुत्रं पाळणाऱ्याला आधी थिअरीची आणि मग पहिल्या वर्षात प्रॅक्टिकलची परीक्षा द्यावी लागते. थिअरीसाठी तुमचे जावई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसले. इंजिनिअरिंगला एवढे बसले असते तर... जाऊ दे. शिवाय विमा सक्तीचा, कर वेगळा.

तर बाई कोपऱ्यात वही घेऊन बसल्या. म्हणाल्या, कोणाला तरी बेल वाजवायला सांगा आणि नेहमी वागता तसं वागा. वागलो. तुमचे जावई आतून "कोण आलं?" म्हणून ओरडले, मी कढईपाशी उभी राहून "बघ की जरा", नात "मी उघडते, मी उघडते" करत पळाली, आणि बंड्या सगळ्यांच्या पुढे. बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, कुत्र्याचं काही चुकत नाही. बेल वाजली की घरात पळापळ करायची असते, हे त्याला बरोबर समजलंय.

औषध असं: दिवसातून १५-२० वेळा उगीचच बेल वाजवायची. कोणी यायचं नाही. बेल वाजली की त्याच्या जागेवर सॉसेजचा तुकडा पडायचा, बस. महिनाभर मी सपाता घालून जिन्यात उभी राहून स्वतःच्याच घराची बेल दाबत होते. वरच्या मजल्यावरच्या आजींनी दोनदा विचारलं, किल्ली हरवली का. तिसऱ्यांदा नुसती मान हलवून गेल्या. रविवारी सुट्टी, कारण रविवारी इथे शेजाऱ्यांना आवाज चालत नाही. आता दहातल्या सात वेळा तो दाराकडे न धावता जागेवर जाऊन बसतो.

ही 'जागा' म्हणजे, आई, रागावू नकोस, तू पाठवलेली गोधडी. त्याच्यासाठी दोन महागड्या गाद्या आणल्या होत्या. एकीतला कापूस त्याने घरभर केला, दुसरीकडे पाठ फिरवली. एका रात्री नातीच्या पलंगावरून गोधडी ओढून आणली आणि तुझ्या हिरव्या लुगड्याचा तुकडा आहे ना, बरोबर त्यावर नाक टेकवून झोपला. हुकूम कुठल्याही भाषेत चालतो, फक्त घरात सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. इथले लोक 'प्लाट्स' म्हणतात. (बाबा, प्लॉट नव्हे.) आम्ही 'गोधडी' म्हणतो. बाईंच्या तोंडी ते 'गोडाडी' होतं, तरी तो जातो.

तुम्ही आल्यावर त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, हात लावायचा नाही. जर्मन पाहुण्यांना एवढं सांगितलं की ते कोट अडकवून शांतपणे बसतात, जणू घरात कुत्रं नाहीच. आपल्या माणसांना आल्या-आल्या कोणाची विचारपूस करायची नाही, हे पटतच नाही. 'चावतो का हो?' म्हणत सोफ्यावर पाय वर घेणारे तरी परवडले. 'मला कुत्र्यांची फार सवय' म्हणत त्याच्या तोंडापाशी वाकणारे महिन्याची मेहनत उंबऱ्यातच पाण्यात घालतात.

उडी मारलीच तर ढकलू नका, ओरडू नका. दोन्ही त्याला लाडच वाटतात. हात छातीशी घ्या आणि पाठ फिरवा. चारही पाय जमिनीला टेकले की मग काय तो 'शहाणा रे माझा' करा. आणि बाबा, 'हाड' अजिबात म्हणू नका. चघळायचं हाड देताना तुमची नात "बंड्या, हाड!" म्हणते. तुम्ही हाकलायला जाल आणि तो शेपूट हलवत पुढ्यात येऊन बसेल.

आई, टेबलाखालून चकली नाही. रोज मिळाली तर एखादे वेळी कंटाळेल, पण कधीमधी मिळाली की आशा सोडत नाही. मटका लावणाऱ्यासारखं होतं.

फिरायला आयलनरीडेच्या जंगलात जाऊ. १ एप्रिल ते १५ जुलै पशुपक्ष्यांच्या विणीचा काळ, त्यामुळे दोरी सोडायची नाही असा नियम आहे. ती बाबांनी धरावी.

परवा व्हिडिओ कॉल चालू असताना तुमच्याकडे गॅसवाल्याने बेल वाजवली, आठवतं? बाबा "कोण आलं गं?" म्हणून ओरडले, तू आतून "बघा की जरा" म्हणालीस. इकडे बंड्या उठला, फोनकडे एकदा बघितलं, गोधडीवर जाऊन बसला आणि सॉसेजसाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. दिला.

तुमची,
बेबी

ता. क. अजून एक गोधडी आण. नातीला.