काट्याचा नायटा कसा करावा

प्रथम अभिनंदन. इंग्लंडात नोकरीला येऊन, घराचे हप्ते निम्मेसुद्धा फिटले नसताना, तुम्ही साठीच्या दशकातली एमजीबी रोडस्टर विकत घेतलीत. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. त्यातली एक आता तुमच्या दारात उभी आहे आणि तिच्याखाली पुठ्ठा अंथरलेला आहे.

परवा सिग्नलला थांबलात, तेव्हा ऑइल प्रेशरचा काटा पंधरावरून दहावर उतरलेला दिसला आणि तुमच्या पोटात गोळा आला. साहजिक आहे. आता हा काटा खरं बोलतोय का, हे बघायला अर्धा तास पुरतो. पण अर्ध्या तासात संपणाऱ्या छंदासाठी कोणी एवढी जुनी गाडी घेतं का? खालच्या पायऱ्या नेमाने चढा. सहा महिन्यांत तुमचं इंजिन फरशीवर सुटं पडलेलं असेल, ही आमची हमी.

पायरी १ : आकडे पाठ करा, समजून घेऊ नका

कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय की इंजिन तापल्यावर, गाडी धावताना, दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड दाब असावा आणि जागेवर थांबून इंजिन चालू असताना १० ते २५. आपल्याकडच्या बीपीसारखंच, वरचं आणि खालचं. चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल की तुमचे दहा या हिशेबात बसतात. चाणाक्ष वाचकाने इथेच थांबावं, हा लेख त्याच्यासाठी नाही.

रविवारी पबच्या आवारात एमजीवाले जमतात, तिथे जा आणि प्रत्येकाला त्याचा आकडा विचारा. कोणी पंचाहत्तर सांगेल, कोणी ऐंशी. हे सगळे आकडे सकाळी इंजिन गार असतानाचे असतात. गार ऑइल घट्ट असतं, त्यामुळे काटा आपोआप चढतो. माणूस वजन विचारल्यावर लग्नातलं सांगतो, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही मात्र तो आकडा आपल्या तापलेल्या, ट्रॅफिकमध्ये घुसमटलेल्या गाडीच्या आकड्याशी ताडून पाहा आणि खचलेल्या मनाने घरी या.

पायरी २ : मीटरवर श्रद्धा ठेवा

तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डावर एकाच तबकडीत अर्धं ऑइल आणि अर्धं पाणी दाखवणारं मीटर आहे. त्याच्या पोटात एक चपटी, वाकवलेली पितळी नळी असते. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. जत्रेत फुंकली की उलगडणारी कागदी पिपाणी मिळते ना, तेच तत्त्व. दाब आला की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते.

ही नळी गेली कित्येक वर्षं खड्डे, थंडी आणि आधीच्या चार मालकांचे गुद्दे खात आलेली आहे. तरी तिचा शब्द प्रमाण माना. फार तर काचेवर टिचकी मारा. काटा जरा थरथरला की त्याला 'तपासणी' म्हणतात.

मीटरपर्यंत खरोखरचं गरम ऑइल एका बारीक पाइपातून येतं. म्हणजे इंजिनाचं रक्त तुमच्या गुडघ्याच्या वर चार बोटांवरून वाहतंय. पाइपाचा जोड कधी सुटलाच, तर ऑइलमध्ये दाब आहे हे तुमची पँट तुम्हाला सांगेल. एवढं खात्रीचं निदान पुढच्या कुठल्याही पायरीत मिळणार नाही.

याच सुमारास साताऱ्याहून आई आलेली असेल. तुमचा चेहरा बघून ती विचारेल, "काय रे, काय झालं?" सांगा. ती म्हणेल, "माझं बीपी मागे एकशे नव्वद आलं होतं, तेव्हा आधी शेजारच्या काकूंच्या मशिनवर जाऊन बघितलं. मशिनच बिघडलं होतं मेलं." आईला मोटारीतलं काय कळतं! चहा मागा आणि विषय बदला.

पायरी ३ : ऑइल बदला, मग तेच पुन्हा बदला

डिपस्टिक ओढून पाहायची नाही. ऑइल कमी असेल, त्याला पेट्रोलचा वास येत असेल किंवा आधीच्या मालकाने आजकालच्या गाड्यांचं पाण्यासारखं पातळ ऑइल ओतलं असेल, तर दोन मिनिटांत उलगडा होऊन बसेल. सरळ सव्वाचार लिटर काढून टाका आणि २०डब्ल्यू-५० भरा. या इंजिनाला तेच मानवतं, त्यामुळे ही पायरी चुकून बरोबर आहे. क्षमस्व.

काटा तरी वर येईना? मग आणखी घट्ट ऑइल घाला. काटा सुखावेल. इथे एक गुपित सांगतो. पंप दाब तयार करतच नाही, तो नुसतं ऑइल ढकलतो. ऑइलची वाट जितकी अडेल, तितका दाब दिसतो. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवल्यावर होतं तेच. बेअरिंग झिजलं की हा अंगठा सैल पडतो. घट्ट ऑइल घातल्याने बेअरिंग भरून येत नाही, फक्त काट्याची समजूत निघते. पण तुम्हाला तरी दुसरं काय हवं होतं?

पायरी ४ : स्प्रिंगखाली चकती सारा

इंजिनाच्या डाव्या बाजूला, मागच्या टोकाकडे, टोपीच्या आकाराचा एक मोठा नट आहे. त्याच्या आत स्प्रिंग आणि स्प्रिंगपुढे व्हॉल्व्ह. दाब फार वाढला तर जादा ऑइल परत खाली सोडायचं, एवढंच त्याचं काम. तिथे कचरा अडकून व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर दाब खरोखर पडतो. तेव्हा व्हॉल्व्ह पुसून परत बसवणं हा शहाणपणा ठरेल आणि म्हणूनच तो इथे शिकवला जाणार नाही.

तुम्ही स्प्रिंगखाली एक वॉशर घाला. धावतानाचा आकडा वाढेल. थांबल्यावरचा आकडा होता तिथेच राहील, कारण तेव्हा हा व्हॉल्व्ह बंदच असतो. आणखी एक वॉशर घाला. हात भाजेल, नट घरंगळत जाऊन शेजाऱ्याच्या गुलाबात पडेल. शेजारी हसून "लव्हली डे" म्हणेल. तुम्हीही म्हणा.

घाईत असाल तर कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून थांबल्यावरची गती हजारावर न्या. गती वाढली की पंप जास्त ढकलतो, काटा वर. विकणाऱ्याने तुम्हाला गाडी दाखवायला काढली, त्या दिवशी काटा इतका रुबाबात का उभा होता, याचाही विचार करून पाहा. नको, करू नका.

पायरी ५ : आवाज ऐका, नसला तरी

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावा. घरघर आली तर मेन बेअरिंग, ठकठक आली तर बिग एंड. काहीच आलं नाही, तर समजा आजार खोलवर आहे.

यानंतर जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. कुंकवाएवढा तांबूस चुरा दिसला तर गोष्ट गंभीर असते. दिसला नाही, तर खिडकीपाशी न्या, बॅटरी धरा, चष्मा बदला. माणूस शोधायला बसला की त्याला काहीतरी सापडतंच.

पायरी ६ : इंजिन उतरवा

आता मागे फिरायचं नाही. क्रँक ग्राइंडिंगला पाठवा. जर्नल १० थाउ उतरेल, काही जण २०, ३० करत ४० थाउपर्यंत जातात. 'थाउ' म्हणजे इंचाचा हजारावा भाग. अठराशेला दोन सीसी कमी अशा इंजिनातल्या केसाएवढ्या फटींसाठी तुम्ही सहा शनिवार, एक लग्नाचा वाढदिवस आणि मुलीचं गॅदरिंग दिलेलं असेल. कौतुक आहे.

नवा ऑइल पंप बसवताना आत व्हॅसलिन भरा, नाहीतर कोरडा पंप पहिल्यांदा ऑइल ओढत नाही. घरातली डबी नेलीत तर परत आणून ठेवू नका, कोणीतरी ओठांना लावेल.

इंजिन बसवलं, सुरू केलं, वीस मिनिटं फिरवून तापवलं. सिग्नलला थांबलात. आता श्वास रोखून खाली बघा.

दहा.

पायरी ७ : काट्याने काटा काढा

आता, आणि आताच, एक साधं टेस्ट मीटर आणा. दोघांच्या बाहेरच्या जेवणाएवढ्या पैशात येतं. मीटरचा पाइप इंजिनापाशी सोडवा आणि त्या जागी हे घट्ट बसवा. गरम इंजिनावर ते दाखवेल वर बासष्ट, खाली एकवीस. जुन्याचा काटा सिग्नलला दहावरच बसला होता, आठवा.

आईला फोन करायचा मोह आवरा. ती काही बोलणार नाही, पण गप्प बसलेली ऐकू येईल.

इथे कच्च्या मनाचा शिष्य सुटकेचा निःश्वास टाकून गाडी फिरायला नेतो. तुम्ही तसे नाही आहात. गॅरेजात खुर्ची ओढून बसा आणि विचार करा. जुनं मीटर दहा म्हणतंय, नवं एकवीस. जुनं खोटं बोलतंय हे तुम्हाला कोणी सांगितलं? नव्याने. आणि नव्याला तपासलं कोणी?

तिसरं मागवा.

नायटा बरा होतो हो. खाज राहते.