शहागंज ते जालना रोड, व्हाया फ्रँकफुर्ट

औरंगाबादेत शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून आकाशवाणी फार लांब नाही. राजाबाजारातून जाफर गेट, पुढे मोंढा नाका, तिथून जालना रोडला डावीकडे वळलं की आकाशवाणी चौक. रेडिओलहरींना तर वाटेत हातगाड्या, म्हशी आणि वरातीही आडव्या येत नाहीत. १०१.७ मेगाहर्ट्झवर त्या शहागंजच्या प्रत्येक गच्चीवर फुकट हजर असतात. तरीही आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे हीच आकाशवाणी परदेशाला वळसा घालून येते. म्हणजे येत नाही, हीच तर तक्रार आहे.

मास्तरांच्या चिरंजीवांनी दिवाळीत टीव्हीला एक काळा डबा जोडून दिला आणि ते पुण्याला निघून गेले. डब्यात एक प्लेअर, प्लेअरमध्ये एक प्लगीन. हे प्लगीन सरकारी नाही. कुणा हौशी माणसाने रात्री जागून ते फुकट तयार केलं आहे. तो राहतो कुठे, करतो काय, कुणाला ठाऊक नाही; फोटोच्या जागी त्याने मांजर लावलं आहे. पण त्याच्या यादीत देशभरातली केंद्रं ओळीने मिळतात. मास्तरांना त्यातल्या बऱ्याच भाषा धड येत नव्हत्या, तरी सकाळी लेह, दुपारी पोर्ट ब्लेअर असा त्यांचा भारतदौरा सुरू झाला. मग एके दिवशी सकाळी ७ वाजून १० मिनिटांचं मराठवाड्याचं बातमीपत्र लावायला गेले, तर पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं.

नळाला आठवड्याने पाणी आलं तरी ‘आलं ना एकदाचं’ म्हणणारा हा माणूस रेडिओ बंद पडल्यावर मात्र पेटला. प्रसारभारतीचं स्वतःचं ‘न्यूज ऑन एअर’ ॲप आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ नावाचं दुसरंही आलं, ते फोनवर घ्या, असं मी सुचवून पाहिलं. मास्तर म्हणाले, “फोनवर ऐकायला मी काय कॉलेजात आहे? मला मोठ्या स्पीकरवर हवं.” पुढचा दरवाजा सताड उघडा असला तरी मागच्या खिडकीतून आत शिरण्यातली मजा आपल्या लोकांना सोडवत नाही.

मग डबा पिशवीत घालून आम्ही शहागंजातल्या मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. दुकान म्हणजे दोन जिन्यांमधली फट. आतल्या पोराने सोल्डरिंग गन बाजूला ठेवली, डबा लावला आणि निदान सांगितलं: “सर, पिलगिन तो ठीकच है. लिंकच मर गई.”

लिंक कशी मरते, हे त्या पोराने जितकं सोपं सांगितलं तितकं मला कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकायला मिळालं नव्हतं. प्लगीनमध्ये आवाज नसतोच. असतो तो फक्त पत्ता. त्या पत्त्यावर एमथ्रीयूएट नावाची साध्या मजकुराची एक यादी मिळते. यादीत काही-काही सेकंदांचे आवाजाचे तुकडे लिहिलेले असतात. प्लेअरने यादी पुन्हा पुन्हा मागायची, नवे तुकडे आणायचे आणि कुणाला कळू न देता सांधायचे. पत्ता बदलला की ४०४: हे टेबल आता इथे नाही. पत्ता बरोबर आणि ओळख चुकीची असेल तर ४०३: साहेब आहेत, पण तुम्हाला भेटणार नाहीत. थोडा वेळ वाजून गप्प झालं तर आपल्या हातातल्या चिठ्ठीची मुदत संपली. ओळख पटत नसेल तेव्हा काही प्लगीनं सरळ खोटं बोलतात, ‘मी प्लगीन नाही, मी क्रोम आहे.’ आणि बऱ्याचदा त्यांना आत सोडतातही.

आमचा आजार ४०४ चा होता. तो बरा व्हायच्या आत मास्तरांच्या अमेरिकेतल्या भाच्याने व्हॉट्सॲपवर उपचार पाठवला: “मामा, व्हीपीएन लावा.” लावला. व्हीपीएनने आपल्या मर्जीने फ्रँकफुर्टचा सर्व्हर धरला. म्हणजे शहागंजातला माणूस जालना रोडवरच्या बातम्या जर्मनीतून मागू लागला. डब्याचा आजार लगेच ४०४ वरून ४०३ वर गेला. भाच्याने अंगठा दाखवला, म्हणाला, “प्रगती आहे.”

शेवटी पोराने प्लगीनची नवी आवृत्ती टाकली. मांजरवाल्याने पत्ता आधीच दुरुस्त करून ठेवला होता. रेडिओ वाजला. मास्तरांचं समाधान तासभरही टिकलं नाही, कारण शेजारच्या चहाच्या टपरीवर सेलवरचा रेडिओ होता आणि तो अर्धा मिनिट पुढे होता. तुकडे साठवून मग वाजवायचे, तर मागे पडणारच. ज्या आकाशवाणीवर आपल्या आजोबांनी घड्याळं लावली, तिच्या ठोक्याला आता टपरीवर एक वेळ आणि डब्यावर दुसरी. आमच्या मनोऱ्याचं घड्याळ वर्षानुवर्षं बंद होतं, मग स्मार्ट सिटीतून त्याची डागडुजी झाली. आता त्याच्याशी कोणता रेडिओ जुळवायचा, याची निविदा निघायला हवी.

रात्री मास्तरांनी मांजरवाल्याला ईमेल लिहिला. ‘आम्ही करदाते आहोत, असा गलथानपणा खपवून घेणार नाही.’ ज्याला आपण छदाम दिला नाही, त्याच्यावर करदात्याचा दरारा! आकाशवाणी चौकात अर्ज द्या म्हटलं, तर म्हणाले, “तिथे कोण उन्हात जाणार?”

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. बीबीसीने २०२३ मध्ये जुन्या पद्धतीचे प्रवाह बंद केले आणि कित्येक घरांतले इंटरनेट रेडिओ मुके झाले. लॉजिटेकने २०२४ मध्ये स्क्वीझबॉक्स रेडिओंमागचा सर्व्हर बंद केला. ते रेडिओ आज चालतात ते हौशी मंडळींनी सांभाळलेल्या सॉफ्टवेअरवर. तिथेही मांजरवालेच कामाला आले.

आपल्या शहराला तर रेडिओचा जुना मान आहे. १९४७ मध्ये भारताच्या वाट्याला आकाशवाणीची सहा केंद्रं आली, तेव्हा संस्थानांची पाच वेगळी होती: म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद. त्या काळात आणि नंतरही कित्येक वर्षं रेडिओ ऐकायला परवाना लागायचा, पोस्टात फी भरावी लागायची. पण एकदा भरली की रेडिओचं स्टेशन रातोरात पत्ता बदलत नसे.

म्हणून एक गोष्ट गंभीरपणे. लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या रेडिओने आपल्या प्रवाहांचे पत्ते उघड जाहीर करावेत आणि बदलायचे तर आधी सांगावं. यात कुठलंही राष्ट्रीय गुपित फुटत नाही. फोन कंपन्यांचंही तेच. केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्यांना सांगितलं होतं की ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे, तिथे ती बंद ठेवू नका. खिशात रेडिओ असून त्याला कुलूप घालायचं आणि मग डेटा विकायचा, हा धंदा चांगला आहे, पण आपल्या फायद्याचा नाही.

तोवर वाचकांनी एवढं करावं. फोनमध्ये एफएम आहे का पाहावं, असेल तर वायरचा इयरफोन खुपसावा, कारण ती वायरच अँटेना असते, आणि १०१.७ लावावं. नसेल तर शहागंजात सेलवरचा रेडिओ अजून मिळतो. सांगतील त्या भावाला घेऊ नका.