घड्याळाकडे बघा!

जुन्या गुप्तहेरी मालिका पुन्हा लागल्या की प्रत्येक सोसायटीत एक काका जागे होतात. आपण बघतो खुनी सापडावा म्हणून, काका बघतात चूक सापडावी म्हणून. हे बहुधा बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले असतात. व्हाउचरं संपली, तेव्हा 'सीआयडी'वर आले.

'सीआयडी' १९९८ साली सुरू झाली ती वीस वर्षं चालली, त्यामुळे माल भरपूर. एसीपी प्रद्युम्न हवेत पंजा फिरवून गडबडीचा संशय घेतात, तसे काका सोफ्यावर पुढे सरकतात. "आहेच गडबड! मागच्या घड्याळाकडे बघा. मघाशी साडेदहा, आता सव्वादहा!" दया दार तोडतो तेव्हा आपण त्याच्या खांद्याकडे बघतो, हे कडीकडे. आणि डॉक्टर साळुंख्यांसमोरच्या प्रेताचं पोट जरा हललं, की रिमोट हातात घेऊन तीनतीनदा मागे.

"अहो, खून कुणी केला ते तरी बघू द्या," काकू कळवळतात.

काकांच्या लेखी गुन्हेगार कायम एकच, असिस्टंट डायरेक्टर.

त्यांचं सर्वांत जुनं प्रकरण मात्र 'करमचंद'चं, म्हणजे १९८५चं. पंकज कपूर गाजर खात खात गुन्हा उकलायचे. चावलेलं गाजर पुढच्या शॉटमध्ये वीतभर वाढायचं, असा काकांचा आरोप आहे. पुरावा नाही, पण आरोप मागे घेतलेला नाही. सोसायटीतल्या एका मुलानं, तो मालिकांच्या सेटवर असिस्टंट आहे, एकदा समजवायचा प्रयत्न केला.

"काका, कॅमेरा एका बाजूला लावला की त्या बाजूचे सगळे शॉट आधी उरकतात. मग लाइट फिरवून समोरच्याचे. मधे तास-दोन तास जातात. तोवर गाजर पोटात!"

"जास्तीची आणायची."

"आणतात हो. पण कुठल्या वाक्याला कितवा घास, ते लिहून ठेवावं लागतं."

"मग लिहा! आम्ही नाही जन्मभर लिहिलं?"

पोरगं बिचारं मूग गिळून गप्प बसलं.

काकांना खरा दगा दिला तो 'सीआयडी'च्याच २००४च्या एका भागानं. लोणावळ्यात चित्रित झालेला हा भाग १११ मिनिटांचा, सलग, एकाच शॉटमध्ये. कटच नाही, तर कंटिन्युइटीची, म्हणजे शॉटला शॉट जुळवायची भानगड कुठली? घड्याळ मागे जाणार कसं? काका पेन्सिल घेऊन बसले, कोऱ्या कागदानिशी उठले. "रटाळ," एवढंच म्हणाले. मला वाटतं, त्या रात्री त्यांना जेवण गेलं नसावं.

मग सोसायटीतून एक सायकल चोरीला गेली. वॉचमनच्या केबिनमध्ये सीसीटीव्ही बघायला हवालदारांसोबत अर्धी सोसायटी लोटली. पडद्यावर निळ्या शर्टातला एक माणूस फाटकातून आत आला. थोड्या वेळानं निळ्या शर्टातला माणूस सायकल घेऊन बाहेर पडला.

"थांबवा!" काका ओरडले. "आत जाताना टोपी नव्हती, बाहेर येताना आहे. गेली कंटिन्युइटी!" आणि टाळीसाठी हात पुढे केला.

हवालदारांनी टाळी दिली नाही. वहीत लिहून घेतलं : चोर दोन. एक अजून आतच असावा. त्यांनी वॉचमनला फाटक लावायला सांगितलं, गच्चीकडे माणसं पाठवली. काका मात्र पडद्यावरच्या कोपऱ्यातली वेळ आपल्या मनगटाशी ताडून बघत होते. सतरा मिनिटं पुढे होती.