सबब ओळख तहकूब

श्रावण सरता सरता खारघरच्या टेकड्यांवरील गवत गुडघ्यापर्यंत आले, की आमच्याकडील हौशी तरुण मंडळी दर रविवारी गळ्यात कॅमेरे अडकवून तिकडे प्रस्थान ठेवतात. आणि सायंकाळी घरी परतल्यावर, टिपलेल्या फुलपाखरांतून ज्यांची नावे शाळकरी पोरही सांगेल अशी वेगळी काढून, उरलेला जो तपकिरी, ठेंगणा, जाड मानेचा व सर्वस्वी एकसारखा दिसणारा ऐवज हाती राहतो, तो निमूटपणे दप्तरदारांकडे रवाना करतात.

दप्तरदार हे त्यांचे नाव नव्हे, मंडळींनी बहाल केलेला किताब आहे. मोजणी खात्यात उभी हयात घालवून ते सेवानिवृत्त झाले. 1970 साली सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडील भातखाचरे आणि मिठागरे शहरात परिवर्तित होऊ लागली, तेव्हापासून बांधांचे, हिश्शांचे आणि पुढे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे जे तंटे उद्भवले, त्यांच्या नकाशांवर त्यांची नजर वर्षानुवर्षे घासून धारदार झाली. अर्ध्या हाताच्या बांधावरून सख्खे भाऊ जन्मभर अबोला धरताना ज्याने पाहिले, त्याला दोन ठिपक्यांमधील अंतरावरून फुलपाखराची जात ठरते हे ऐकून नवल वाटावे कशाला? त्यांना उलट माहेरी आल्यासारखे वाटले.

या प्राण्याशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की स्किपर म्हणजे फुलपाखरू व पतंग यांच्या सीमेवर घर बांधल्यासारखे दिसणारे एक मोठे कुळ आहे. जगात त्याच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत, मिशांची टोके आकड्यासारखी वाकलेली असतात आणि उडणे असे, की पाहणाऱ्याने मान वळवेपर्यंत स्वारी दुसऱ्या पात्यावर. त्यांतील स्विफ्ट नावाची मंडळी म्हणजे तर केवळ छळ! सगळ्यांचा रंग तपकिरी आणि बहुतेकांच्या पंखांवर पांढरट ठिपके. स्ट्रेट स्विफ्टच्या मागल्या पंखावरील ठिपके हजेरीला उभे राहिल्यासारखे एका रांगेत असतात. स्मॉल ब्रँडेड स्विफ्टचे मात्र कमानीत वळतात आणि पंखाच्या मुळाकडे बहुधा एक सुटा ठिपका दिसतो. इथपर्यंत आम्हीही पोहोचलो होतो. परंतु या ब्रँडेड स्विफ्टचा ऑब्स्क्युअर ब्रँडेड नावाचा एक भाऊबंद आहे, आणि त्या दोघांची वाटणी करायची तर नराच्या पुढल्या पंखाच्या वरच्या बाजूस असलेली तिरपी फिकट रेघ शोधून, जवळच्या दोन ठिपक्यांतून काल्पनिक रेषा वाढवून, ती त्या रेघेला नेमकी कोठे मिळते हे पाहावे लागते. दप्तरदार हे काम पट्टी घेऊन करतात. त्याहूनही खातरजमा हवी असेल तर नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते, आणि छायाचित्रात तीबद्दल काही लिहून आलेले नसते.

त्यांच्या मेजावर ब्रिगेडियर एव्हान्स यांच्या भारतीय फुलपाखरांच्या ओळखीवरील ग्रंथाची, 1932 सालच्या दुसऱ्या आवृत्तीची, झेरॉक्स काढून बांधून घेतलेली प्रत असते. त्या लष्करी गृहस्थाने फुलपाखरांचे कौतुक करण्यात फारशी शाई खर्ची घातलेली नाही. अमुक खूण असल्यास या कलमाकडे जावे, नसल्यास त्या कलमाकडे, असा सगळा कायद्याचा कारभार आहे. दप्तरदार तो ग्रंथ महसूल अधिनियमाच्या अदबीने उघडतात.

गेल्या वर्षी सानपाड्याच्या एका तरुण अभियंत्याने एक छायाचित्र पाठवून, “काका, राइस स्विफ्टच ना?” अशी पृच्छा केली. अकरा दिवसांनी निकाल आला: “अर्जदाराने सादर केलेले छायाचित्र अवलोकिले. मागल्या पंखाची केवळ खालची बाजू दृष्टीस पडते, व तीवरही गवताचे पाते आडवे आले आहे. वरच्या बाजूचा पुरावा जोडलेला नाही. सबब ओळख तहकूब.” मुलगा हिरमुसला. फोनमधले ॲप तर क्षणात नाव सांगते, असे तो काहीशा उद्धटपणे बोलून गेला. दप्तरदार शांतपणे उत्तरले, “सांगत असेल. गावचा पाटीलही बांध कुठला ते क्षणात सांगायचा. म्हणून तर लोक मोजणी मागवीत.”

सोप्या ओळखीत त्यांना रस नाही. लालभडक डोळ्यांचा कॉमन रेडआय समोर आला, की आरोपीने होऊनच कबुलीजबाब दिल्यासारखे त्यांचे तोंड पडते.

घरी मात्र वेगळीच हकिकत. काकूंनी गॅलरीतील कुंडीत हळद लावली ती नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी. आणि ऐन सणाच्या तोंडावर तिच्या सर्वांत रुंद पानाची सुरळी करून आत एक अळी राहावयास आली. ग्रास डेमन हळदीवर व आल्यावर वाढतो, हे दप्तरदारांना पाठ होते. परंतु प्रौढ कीटक बाहेर पडल्यावाचून नोंद प्रमाणित करता येत नाही, या सबबीवर त्यांनी समग्र कुंडीस मनाई हुकूम बजावला. त्या वर्षी पातोळ्या शेजारणीकडून मागून आणलेल्या पानांत उकडल्या गेल्या. काकूंचे म्हणणे असे, की ठिपका ओळखणारा हा माणूस तीन वेळा आपली इमारत सोडून हुबेहूब तशाच पुढल्या इमारतीच्या जिन्याने वर गेला आणि परक्या दाराची घंटा वाजवून आला. त्यावर दप्तरदारांचा खुलासा: दोन्ही इमारतींत फरक दाखवणारी एकही खूण बांधणाऱ्याने ठेवलेली नाही.

त्यांच्या कपाटातील सर्वांत जाड फाईल ‘अनिर्णीत’ या शीर्षकाची आहे, आणि तिच्याइतकी स्वच्छ फाईल मी सरकारी अथवा खाजगी दप्तरात पाहिलेली नाही. ज्याला नाव देता येत नाही त्याला ते न देण्याची हिंमत मला स्वतःला साधलेली नाही. मी तर समोरच्याचा हिरमोड होऊ नये म्हणून कित्येक कोल्ह्यांना लांडगे म्हणून मोकळा झालो आहे.

सध्या त्यांचा एक अर्ज संकुलाच्या चिटणीसांकडे प्रलंबित आहे. कुंपणालगतचे हातभर रुंदीचे गवत दिवाळीपर्यंत कापू नये, कारण स्विफ्टच्या अळ्या त्यावरच पोसल्या जातात, अशी त्यांची विनंती; आणि गवतात साप येतात, हा चिटणीसांचा शेरा. वाचकांपैकी कोणाच्या संकुलात असे गवत असेल, तर त्यांनी यंदा ते राखावे आणि त्यावर काही तपकिरी बसलेच तर अवश्य छायाचित्र काढावे. मात्र दोन्ही बाजूंचे. एकाच बाजूचा अर्ज दप्तरदार आता दाखल करून घेत नाहीत.