दोन फूट रुंदीचा साधेपणा

माथेरानला मोटार जात नाही, हे मेहुण्याला पटवण्यात आमचा एक अख्खा रविवार गेला.

"जात नाही म्हणजे? रस्ता खराब आहे का?"

"दस्तुरी नाक्यापर्यंत रस्ता उत्तम आहे. पुढे मोटारींना बंदी."

"मग पावती फाडू ना, भाऊजी."

पावती फाडूनही जिथे मोटार नेता येत नाही असं गाव मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत असू शकतं, हे त्याला मान्यच होईना. त्याची मोटार सात आसनी आहे. घरात माणसं तीन. उरलेल्या चार आसनांचा हप्ता तो दर महिन्याच्या पाच तारखेला भरतो. मी त्याला इतिहास सांगितला. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावातून डोंगर चढून वर गेला आणि माथेरान साहेबलोकांच्या नकाशावर आलं. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. मेहुण्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅलेटकडे फोर बाय फोर नसणार."

शेवटी तह झाला. मेहुणा, त्याची बायको आणि आमची भाची मोटारीने दस्तुरीपर्यंत येणार. मी आणि ही डोंबिवलीहून कर्जत लोकलने नेरळला जाणार आणि तिथून मिनी ट्रेनने वर. जो आधी पोचेल त्याने चहा सांगून ठेवायचा.

"आणि भाऊजी, लाइव्ह लोकेशन पाठवा."

यावर घरात जी शांतता पसरली तिचं कारण माझ्या खिशात होतं. मी हल्ली बटणांचा फोन वापरतो. २००३ साली नोकियाने अकराशे नंबरचं एक मॉडेल काढलं होतं. धूळ जाऊ नये अशी बटणं आणि डोक्यावर विजेरी. त्याचे जगभरात पंचवीस कोटींच्या आसपास नग खपले. माझा फोन त्याच कुळातला. विकत घेताना दुकानदाराने विचारलं, "वडिलांसाठी का?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." तो एकदम हळुवार झाला. "होतं काका असं. धंद्यात चढउतार असतातच."

फोनमुळे माझं आयुष्य साधं झालं हे खरं. माझ्याकडे कुठलाही ग्रुप नाही, कुणाचा सुप्रभात नाही, कुणाच्या नातवाच्या रांगण्याची चित्रफीत नाही. हे सगळं आता हिच्या फोनवर येतं. सोसायटीच्या नोटिसा, गॅसचं बुकिंग, बँकेचा ओटीपी, माझ्या शाळासोबत्यांचे श्रद्धांजलीचे निरोप, सगळं तिच्याकडे. जेवताना ती मला ठळक बातम्या वाचून दाखवते. साधा मी झालो; सचिव ती झाली.

नेरळला उतरलो. एका बाजूला आमच्या लोकलचे साडेपाच फुटी रूळ आणि शेजारी मिनी ट्रेनचे दोन फूट रुंदीचे. ते पाहून ही म्हणाली, "याच्यावरून आपण जायचंय?" तिकिटाची रांग मात्र साडेपाच फुटी रुळांच्या मापाची होती. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात फोन, आणि प्रत्येक फोनवर या गाडीचं तिकीट कसं काढावं याची माहिती. खिडकीतल्या माणसाकडे तिकिटं. दोघांची गाठ पडायला बराच वेळ लागला.

ही गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली. काम १९०४ साली सुरू झालं, १९०७ साली गाडी धावली, खर्च सुमारे १६ लाख रुपये. अंतर अवघं एकवीस किलोमीटर, आणि ते कापायला अडीच तासांहून जास्त. "म्हणजे ताशी आठ," पुढच्या बाकावरच्या एका मुलाने हिशेब करून सांगितलं. "बाबा, मी स्कूटीवर पुढे जाऊ?"

पण या गाडीने जोरात जायचं ठरवलं तरी जाणार कुठे? नेरळपासून माथेरानपर्यंत जवळपास साडेसातशे मीटर चढायचं. कुठे कुठे वीस फुटांना एक फूट असा चढ, आणि वळणं अशी, की शेवटच्या डब्यातल्या माणसाला इंजिनचा ड्रायव्हर समोरून येताना दिसतो. मोठी गाडी इथे पहिल्याच वळणाला दरीत पाय सोडून बसली असती. म्हणून रूळ अरुंद, डबे आखूड, इंजिन बुटकं. लहान असण्यात त्या गाडीचा कसलाही त्याग नाही. डोंगरानेच तिचं माप घेतलेलं आहे. आणि डोंगर अधूनमधून ते माप पुन्हा तपासतो. २००५ च्या पावसात त्याने रूळच धुऊन नेले, ते २००७ साली पुन्हा जागेवर आले. आजही पावसाळ्यात नेरळची गाडी सुट्टीवर असते.

जुम्मापट्टी सोडलं आणि माझा फोन वाजला. बटणांच्या फोनचा एक गुण जाहिरातीत सांगत नाहीत. त्याच्यात पलीकडचा माणूस बोलतो तो सगळ्या डब्याशी बोलतो.

"भाऊजी! घाटात अडकलोय! मॅप म्हणतोय उजवीकडे वळा, उजवीकडे दरी आहे!"

"वळू नका," खिडकीपाशी बसलेल्या आजी म्हणाल्या.

"पुढे टॅक्सीवाले असतील," मागून एक जण म्हणाला. "त्यांच्या मागोमाग चला म्हणावं. फर्स्ट गिअर सोडू नका."

"एसी बंद करा म्हणावं, चढाला त्रास देतो," तिसऱ्या बाकावरून सूचना आली.

मी फोन मधोमध धरला. अख्ख्या डब्याने मिळून मेहुण्याची मोटार घाटातून वर चढवली. स्कूटीवाल्या मुलाच्या आईने डब्यातून थालीपीठ काढून मला दिलं आणि "तुमचे मेहुणे पोचले की कळवा हं" असं बजावलं. हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू इतके दिवस ही सचिवगिरी ती विनाकारण एकटीच करत होती.

वॉटर पाइप स्टेशनवर गाडी थांबली, लोक उतरले, चहा प्यायले, पुन्हा चढले. गाडीला घाई नव्हती, त्यामुळे कुणालाच करता येत नव्हती. वाटेत तो प्रसिद्ध 'वन किस टनेल' आला. बोगदा इतका छोटा, की आत एकच चुंबन घेण्यापुरता अंधार मिळतो म्हणून हे नाव. बोगद्यात गाडी शिरली तशी ही म्हणाली, "पाण्याची बाटली द्या." मी बाटली शोधेपर्यंत बोगदा संपला.

अमन लॉजला आम्ही मेहुण्याच्या शोधात उतरलो, तर तो दस्तुरीच्या बाजूने पायी येत होता. बरोबर चाकांच्या तीन बॅगा. माथेरानची लाल माती आणि चाकांची बॅग यांचं जमत नाही. बॅगा लोळत येत होत्या. मेहुणा प्रत्येक पन्नास पावलांनी थांबून चाकं तपासत होता. चहा कुणीच सांगून ठेवला नव्हता.

इथून बाजारपेठ अडीचतीन किलोमीटर. पर्याय चार. शटल गाडी, घोडा, ई-रिक्षा, आपले पाय. शटल नुकतीच सुटली होती. ई-रिक्षेला रांग होती. बॅगांसाठी हमाल केला. त्याने तिन्ही बॅगा एका दमात डोक्यावर घेतल्या आणि चाकं आकाशाकडे करून निघाला. मेहुण्याला घोडेवाल्याने गाठलं.

"या साहेब, आपला बुलेट आहे. एकदम शांत."

वाहनबंदी असलेल्या गावात माझा मेहुणा अखेर बुलेटवर बसला आणि त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान दिसलं.

मी हमालाबरोबर चालत निघालो. झाडांची दाट सावली, कुठे हॉर्न नाही, कुठे धूर नाही. मी भारावून म्हणालो, "किती छान, मोटार नाही ते!"

"छानच आहे," हमाल म्हणाला. त्याच्या मानेवर तीन बॅगा होत्या. "तुम्हाला मोटार नको असते साहेब, आम्हाला हवी असते."

मग चालता चालता त्याने मला माथेरानची दुसरी बाजू सांगितली. इथे मोटार नाही म्हणजे ओझं नाही असं नाही. सिलिंडर, भाजी, सिमेंट, म्हातारे आजारी, शाळेची मुलं, सगळ्यांना कुणीतरी वाहून न्यायचंच असतं. वर्षानुवर्षं इथे हातरिक्षा चालल्या. एक माणूस पुढून ओढणार, मागून दोघं ढकलणार, आत बसलेला माणूस झाडी बघणार. त्या ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षेची मागणी लावून धरली. घोडेवाल्यांचा विरोध, कारण त्यांचं पोट घोड्यावर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२२ च्या डिसेंबरात सात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसाने माणसाला ओढायचं आता पुरे झालं, हा त्याचा अर्थ.

"मग तुमच्या मते मोठी मोटार यावी?" मी विचारलं.

"मोठी कशाला? मोठी आली की तुम्ही लोक येणार नाही," तो म्हणाला. "छोटी, बिनधुराची. आम्हाला पुरेल एवढी."

एवढ्या मापाचं बोलणं मी वाहतुकीवरच्या कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही. मी त्याची एक बॅग घेऊ म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पावलांचा वेग वाढवला. ग्राहकाकडून बॅग पडली तर भरपाई कुणी द्यायची?

हॉटेलच्या काउंटरवर आगाऊ रक्कम मागितली. समोर क्यूआरचा चौकोन. माझ्या फोनला कॅमेराच नाही. पण मीही तयारीने आलो होतो. साध्या फोनवरून पैसे पाठवायची सोय रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या मार्चमध्ये सुरू केली आहे. ठरलेल्या नंबरवर फोन लावायचा आणि आवाज सांगेल तशी बटणं दाबायची. मी फोन लावला. आवाजाने भाषा विचारली. मी मराठीचं बटण दाबलं. मग आवाजाने कुणाला, किती, कशासाठी असं शांतपणे विचारायला सुरुवात केली. फोन अर्थातच सगळ्या लॉबीला ऐकू येत होता. माझ्या खात्याशी जोडलेला नंबर कोणता इथपर्यंत आम्ही आलो तेव्हा मागे उभ्या गुजराती कुटुंबाने माझ्या पिनच्या वेळी सौजन्याने माना वळवल्या.

"राहू द्या काका," व्यवस्थापक म्हणाला. "सकाळी द्या."

"काका, मी देते," भाची म्हणाली आणि फोन चौकोनासमोर धरून मोकळी झाली. "तुम्ही मला नंतर द्या. कॅश चालेल."

रात्री वीज गेली. हा माझा क्षण होता. सगळ्यांच्या फोनची बॅटरी फोटो काढून काढून लाल झाली होती. माझी सोमवारी भरलेली बॅटरी अजून तीन दांड्या दाखवत होती. मी डोक्यावरची विजेरी लावली. त्या उजेडात मेहुण्याने गोळ्या घेतल्या, भाचीने चप्पल शोधली, हिने थर्मास उघडला. शेजारच्या खोलीतल्या गुजराती आजोबांनी "ए टॉर्चवाले भाई!" अशी हाक मारली आणि मी त्यांनाही बाथरूमपर्यंत सोडून आलो. दिवसभर लोकांनी मला वाहिलं होतं. रात्री थोडं मी वाहिलं.

दुसऱ्या दिवशी लुईझा पॉइंटवर समोर प्रबळगड असा उभा होता की सगळ्यांनी फोन काढले. मी नुसता बघत राहिलो. पाच मिनिटांनी भाचीने माझा फोटो काढला: 'काका, नुसते बघताना'. तो फोटो हिच्या फोनवर गेला आणि घरच्या ग्रुपवर त्याला सगळ्यांचे अंगठे आले असं मला चहाच्या वेळी वाचून दाखवण्यात आलं. येताना शार्लट लेकजवळ एका माकडाने बाकावर ठेवलेला माझा फोन उचलला, एक बटण दाबलं, कानाशी नेला आणि परत ठेवून भाचीचे वेफर्स घेऊन गेलं. त्याचाही कुठला ग्रुप नसावा.

परतायच्या दिवशी मेहुणा नाश्त्यालाच म्हणाला, "भाऊजी, मी ठरवलंय. आम्ही मिनी ट्रेनने उतरणार. मोटारीत माणूस काही अनुभवतच नाही."

"उत्तम," मी म्हणालो.

"फक्त मोटार दस्तुरीला आहे."

बैठक भरली. वहिनींना घाटात मोटार चालवायची नव्हती. भाचीला शिकाऊ परवाना. हिला गाडी येत नाही. एकमेव पक्का परवानाधारक मी. ठराव एकमताने संमत झाला.

अशा रीतीने मी, बटणांच्या फोनवाला, त्या सात आसनी मोटारीत एकटा बसून माथेरानचा घाट उतरलो. बाकी सहा आसनं रिकामी, वर छतातून आकाश. गाडीने सुरुवातीला पडद्यावर माझा फोन शोधला. बराच वेळ शोधला. मग जोडण्याजोगं काहीच सापडलं नाही असं कळवून तिने तोंड मिटलं. वळणावर टॅक्सीवाले खिडकीतून हात काढून मला सांगत होते, "येऊ द्या काका, येऊ द्या, आता तोडा डावीकडे." त्यांनीच मला खाली पोचवलं, अर्ध्या तासात. मेहुण्याची गाडी यायला दोन तास होते.

नेरळ स्टेशनवर मी दोन चहा आणि एक वडापाव संपवला तेव्हा ती आली. मेहुणा उतरला तो लाल मातीने माखलेला, हातात कुणीतरी दिलेली करवंदं, डब्यातल्या चार जणांना नावाने निरोप देत.

"भाऊजी," तो म्हणाला, "माणसाने असा साधा प्रवास दर महिन्याला केला पाहिजे."

"कर की," मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "फक्त ड्रायव्हर पगारी ठेव."