रसमड्यात सुशीची पंगत

दुर्ग सोडून राजनांदगावकडे निघालेली लोकल शिवनाथचा पूल ओलांडते आणि रसमड्याला थांबते. एक्स्प्रेस गाड्यांना तेवढी सवड नसते. आसपास लोखंड-पोलादाचे कारखाने, त्यांना खेटून धानाची शेतं, आणि बोलण्यात हिंदी, छत्तीसगडी नि नागपुरी मराठीची सरमिसळ. समजा, इथल्या एखाद्या मराठी घरातल्या सूनबाईंनी शनिवारी रात्री नातलगांना घरच्या सुशीचं आमंत्रण दिलं, तर फोनवर तीन प्रश्न ठरलेले. मासा कच्चाच असतो का? ज्यांचा शनिवार आहे त्यांनी काय खायचं? आणि आजींसाठी वरणभाताचा कुकर लावणार आहेस ना?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. इथे जपानचं काय काम, हे मात्र कोणी विचारू नये. बस्तरमधल्या बैलाडिल्याचं लोहखनिज जपानला द्यायचा करार १९६० सालचा. १९६८ मध्ये तिथली खाण सुरू झाली आणि खनिज विशाखापट्टणमच्या बंदराकडे निघालं. शेजारच्या भिलाईत त्याआधीच, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली होती, तीही रशियन इंजिनियरांच्या साथीने. मराठी माणूस तर भोसल्यांच्या फौजेबरोबर १७४१ मध्येच रतनपूरला येऊन थडकला. बाहेरून आलेल्यांची इथली रांग लांब आहे. सुशीला तिच्या शेवटी उभं राहू द्यायला हरकत नसावी.

खरी पंचाईत भातापासून सुरू होते, आणि तीही कुठे, तर 'धान का कटोरा' म्हणवणाऱ्या मुलखात. भातसंशोधक डॉ. रिछारियांनी रायपुरात भाताचे १९ हजारांवर वाण गोळा केले होते. दुबराज, जीराफूल, विष्णुभोग ही नावं नुसती घेतली तरी वास येतो. पण आपल्याकडे भाताची इभ्रत मोकळेपणात. शीत न् शीत वेगळं दिसलं पाहिजे. सुशीला नेमकं उलट हवं. अमायलोज नावाचा स्टार्च जास्त असला की भात मोकळा होतो, कमी असला की शितं एकमेकांना धरून राहतात. जपानी आखूड तांदळात तो कमी असतो. हा तांदूळ ऑनलाइन मिळतो, पण त्याचा भाव सासऱ्यांच्या कानावर न गेलेला बरा. त्यापेक्षा पुण्याहून येणाऱ्या कोणाला तरी आंबेमोहर आणायला सांगावा. शिजल्यावर तो मऊ होतो आणि चिकटतो. लग्नानंतर भाताचा गिचका केला म्हणून जिने पहिल्या वर्षी बोलणी खाल्ली, तिचे दिवस असे फिरतात.

दोन वाट्या तांदळाला पाव वाटी तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ पुरतं. भात गरम असतानाच हे मिश्रण घालायचं आणि उलथन्याने कापत कापत हलवायचं. घोटला की खीर झाली म्हणून समजा. जपानी लोक यासाठी पसरट लाकडी भांडं वापरतात, कारण लाकूड जास्तीचं पाणी ओढून घेतं. माळ्यावरची काथवट खाली काढायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. आंबटपणा चवीपुरता नसतो. भात गार होऊन बराच वेळ बाहेर राहतो, तेव्हा त्यात जंतू वाढू नयेत याची तजवीज व्हिनेगर करतं. वारा घालायला बांबूचा बिजना घ्यावा आणि तो आजींच्या हाती द्यावा. तोंड मात्र त्यांचं त्यांच्याच ताब्यात राहणार. "काहून बापा, पाहुण्यायले थंडा भात वाढतेस का?"

उत्तर घराबाहेरच आहे. रात्रभर पाण्यात ठेवलेली बोरे बासी कांदा-मिरचीबरोबर खाऊन अख्खं छत्तीसगड उन्हाळा काढतं. २०२२ मध्ये तर राज्य सरकारने १ मे ला बोरे बासी दिवसच साजरा केला. थंड भाताला राजमान्यता मिळाल्यावर आजी विरोध मागे घेतील. फक्त सुशीचा पूर्वेतिहास त्यांना सांगू नये. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचा आणि शेवटी मासा खाऊन भात टाकून द्यायचा, अशी ती जुनी रीत. बिवा सरोवराकाठची फुनाझुशी अजूनही भातात आंबवतात. भात टाकणाऱ्यांचा पदार्थ आजी उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. त्यांना पुढची गोष्ट सांगावी. १८२० च्या दशकात एडोत, म्हणजे आजच्या तोक्योत, हानाया योहेई नावाच्या माणसाने हातात दाबलेल्या भातावर मासा ठेवून तिथल्या तिथे वाढायची पद्धत लोकप्रिय केली, असं मानतात. घाईतल्या माणसांचा तो आपला वडापावच.

मग तो काळा कागद येतो. नोरी म्हणजे समुद्रातलं शेवाळ वाळवून केलेला पातळ पापुद्रा, म्हणजे शाकाहारी. पण वास असा, की कोकणातल्या पाहुण्याला सोडे आठवतात आणि नागपूरच्या पाहुण्याला खिडकी. तो वास घेऊन नाक मुरडणाऱ्याला कॅथलीन ड्र्यू-बेकर यांची हकिकत ऐकवावी. या इंग्रज बाईंनी १९४९ मध्ये दाखवून दिलं, की हे शेवाळ आयुष्यातला काही काळ शिंपल्यांच्या कवचात दडून काढतं. तोवर नोरीचं बी येतं कुठून हेच जपानी कोळ्यांना ठाऊक नव्हतं आणि पीक आलं तर आलं, असा मामला होता. या शोधामुळे शेती हमखास झाली. बाई जपानला कधी गेल्याच नाहीत, पण कुमामोतोत त्यांचं स्मारक आहे आणि दर एप्रिलमध्ये तिथे त्यांची आठवण काढतात. हे ऐकल्यावर निदान एक तुकडा तरी संपवावा लागतो.

माशाच्या बाबतीत मात्र विनोद बाजूला ठेवायचा. "शिवनाथचा फडफडता रोहू आणतो, याहून ताजं काय पाहिजे?" म्हणत एखादे मामा पुढे सरसावतीलच. ताजेपणाचा इथे उपयोग नाही. गोड्या पाण्यातल्या माशात परजीवी असण्याचा धोका असतो आणि ते मासा ताजा असला तरी ताजेच राहतात. कच्चा खायचा समुद्री मासादेखील उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवून ठेवावा, असा अमेरिकी अन्नखात्याचा दंडक आहे. ज्या फ्रीजरचं दार मुलं दर तासाला आइस्क्रीमसाठी उघडतात, त्याच्या भरवशावर हे करू नये. पंगतीत लहान मुलं, म्हातारी माणसं आणि एखादी गरोदर भाची असणार. तेव्हा उकडलेली कोळंबी, गोडसर ऑम्लेटच्या पट्ट्या, पनीर आणि गाजर घ्यावं. मामांच्या रोहूचे तुकडे तळून काटे काढावेत आणि तेही भातात घालावेत. मामांचा मान राहतो. शनिवारवाल्यांना नुसत्या काकडीचा रोल. तो जपानमध्येही रुळलेला आहे, तडजोड म्हणून पुढे केलेला नाही.

आणि दुधी. जपानी लोक दुधीच्या गराच्या लांब पट्ट्या काढतात, वाळवतात, मग भिजवून सोया सॉस नि साखरेत शिजवून रोलमध्ये भरतात. त्याला कांप्यो म्हणतात आणि तिथला बहुतेक कांप्यो तोचिगी प्रांतातून येतो. आठवड्याच्या बाजारातला दुधी पाहून जी मुलं घर सोडायच्या गोष्टी करतात, ती हाच दुधी नोरीत गुंडाळून आला की तिसरा तुकडा मागतात. त्यांना काय खाल्लं ते जेवण संपल्यावर सांगावं, किंवा दहावी झाल्यावर.

गुंडाळायला बांबूची छोटी चटई लागते. बांबूची सुपं-पर्रे विणणारे कारागीर या भागात पिढ्यान्पिढ्या आहेत. कोणालाही नमुना दाखवला तर त्याला त्यात अवघड काही वाटणार नाही. काकूंना तर चटईचीही गरज नाही. आळूच्या पानाला पीठ लावून घट्ट वळकटी करण्यात ज्यांची हयात गेली, त्या ओला हात भातावर फिरवतात, वरची बोटभर कड मोकळी सोडतात, अंगठ्यांनी कड उचलून बाकीच्या बोटांनी सारण आत दाबतात आणि एका दमात रोल बंद करतात. सुरी दर कापणीला ओल्या फडक्याने पुसतात. व्हिडिओ पाहून शिकलेला पुतण्या तेवढ्या वेळात नोरीची उलटी बाजू कोणती हे शोधत असतो. शेजारच्या छत्तीसगडी काकी दारातून डोकावतात आणि निकाल देतात, "ये तो फरा आय!" शिजलेला भात तांदळाच्या पिठात मळून, बोटाएवढा वळून, वाफवून, वर तीळ-मिरचीची फोडणी दिली की फरा होतो. काकी अर्ध्या तासात डबाभर फरा घेऊन परत येतात आणि ताटावर सर्वांत आधी तोच संपतो.

वासाबीपाशी जावईबापूंचा बळी ठरलेला. ठेचा भाकरीवर थापून खाणाऱ्याला हिरव्या गोळ्याची काय भीती? मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेला धरून बसतं. वासाबीतला तिखट घटक उडून जाणारा, म्हणून तो सरळ नाकात चढतो. बाजारातल्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा वासाबी कमी नि हॉर्सरॅडिश-मोहरी जास्त, आणि मोहरीचा हिसकाही त्याच घटकाचा. जावईबापू छताकडे बघत "चांगलंय" म्हणतात. डोळ्यांतलं पाणी सगळ्यांना दिसतं आणि सगळे पंख्याबद्दल बोलू लागतात. मुलांच्या हाताशी ती वाटी नसलेली बरी.

वाढण्याची तऱ्हा मात्र विचार करून ठरवावी. आधीच रोल करून ठेवले तर नोरी ओलसर होऊन चिवट होते. त्यापेक्षा भात, सारणं आणि तव्यावर क्षणभर शेकलेले नोरीचे अर्धे तुकडे मधे ठेवावेत आणि ज्याने त्याने आपापला कोन वळावा. जपानी घरांतल्या मेजवान्यांची ही नेहमीची रीत. कारखान्यातल्या दादांना यात शिस्त दिसणार नाही. १९५८ मध्ये ओसाकात योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावर सुशी वाढायला सुरुवात केली हे कळल्यावर ते ताबडतोब पंगतीचा कन्व्हेयर आखायला बसतील आणि त्याचं अंदाजपत्रकही काढतील. फेब्रुवारीतल्या सेत्सुबुनच्या दिवशी त्या वर्षाच्या शुभ दिशेला तोंड करून अख्खा रोल एक शब्द न बोलता खायचा असतो, हे मात्र कोणी सुचवू नये. दिशा कोणती यावर आजी आणि वास्तूवाले काका तासभर भांडतील. आणि मराठी घरात एक शब्द न बोलता जेवायचं म्हणजे पाहुण्यांना वाटेल, घरात काहीतरी बिनसलंय.

भात उरतोच, कारण आजींच्या कुकरचाही उरलेला असतो. फ्रीजमध्ये ठेवलेला सुशीचा भात सकाळी खडखडीत होतो आणि पुन्हा गुंडाळता येत नाही. त्याला हिंग, मोहरी, हळद, शेंगदाणे आणि हिरवी मिरची. लिंबू पिळावं लागत नाही, व्हिनेगरने ते काम आदल्या रात्रीच केलेलं असतं. दादांच्या डब्यातला हा फोडणीचा भात कारखान्यात चौघांच्या हाती फिरतो आणि दुपारी घरी फोन येतो, की पुढच्या शनिवारी आणखी सहा जण येतायत, पण त्यांना शिळाच हवाय.