फॉरमॅट न मारणाऱ्यांची स्तुती

लिनक्सचा संगणक सुरू होईनासा झाला की शहाणी माणसं एकच सल्ला देतात: फॉरमॅट मार, नवं टाक, तासाभरात मोकळा हो. सल्ला चोख आहे. वेळेचा हिशेब मांडला तर त्यात खोट काढता येत नाही. तरीही काळ्या पडद्यासमोर ठाण मांडून, मशीन नेमकं कुठे अडलंय हे मध्यरात्रीपर्यंत शोधत बसणाऱ्या वेड्यांची मला मनापासून स्तुती करायची आहे.

मशीन अडलं तरी कुठे अडलं ते सांगत असतं, आणि ते ऐकायला हे वेडेच थांबतात. पूर्वी लिलो नावाचा बूटलोडर होता. सुरू होताना तो पडद्यावर आपलं नाव एकेक अक्षराने उमटवायचा आणि प्रत्येक अक्षर म्हणजे पार पडलेला एक टप्पा. नुसतं ‘एल आय’ उमटून थांबला, की समजायचं: दुसरा टप्पा मेमरीत आला, पण चालला नाही. मास्टर बूट रेकॉर्ड ५१२ बाइटांचा, त्यात कोडला मिळतात ४४६. एवढ्याशा जागेत लांबलचक संदेश मावणार कुठून? म्हणून आपलं नावच निदानाला लावलं! ज्यांनी ती अक्षरं कधी वाचलीच नाहीत, त्यांच्याबद्दल मला खरंच हळहळ वाटते.

आजचा ग्रब तर पुष्कळ बोलतो. ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच लिहून थांबला, तर बहुधा त्याला आपली मॉड्यूलं ठेवलेलं पार्टिशन सापडत नसतं. ‘एलएस’ म्हणा, दिसतील तेवढ्या डिस्क आणि पार्टिशनं तो दाखवतो. बरोबर पार्टिशन हुडकायचं, ‘प्रीफिक्स’ तिकडे वळवायचा, ‘नॉर्मल’ मॉड्यूल चढवायचं, मेनू समोर. पुढे कर्नल ‘रूट माउंट होत नाही’ म्हणून पॅनिक झाला, तर पुष्कळदा साठत गेलेल्या जुन्या कर्नलनी बूट पार्टिशन गच्च भरलेलं असतं आणि नव्याचा इनिट्रॅमएफएस बनलेलाच नसतो. मेनूतून जुना कर्नल निवडावा, आत जाऊन जागा करावी.

माझा सर्वांत लाडका बिघाड एफएसटॅबचा. जादाची हार्ड डिस्क काढून नेली, पण त्या फाइलीत तिची ओळ राहून गेली. सिस्टिमडी त्या डिस्कची इमानदारीने दीड मिनिट वाट पाहतो. सेकंद मोजले जाताना दिसतात, लाल तारका इकडून तिकडे सरकत राहतात आणि मग इमर्जन्सी मोड. एका ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाकलं की मशीन पूर्ववत. तिथे आधीच ‘नोफेल’ लिहिलेलं असतं, तर डिस्क नसतानाही मशीन पुढे गेलं असतं. एवढ्यासाठी सगळी सिस्टिम पुसायची?

ऑगस्ट २०२४ मध्ये तर फॉरमॅटचा सल्लाही तोकडा पडला. विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर, दोन्ही सिस्टिम असलेल्या कित्येक मशीनवर लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणत थांबू लागलं. जुन्या बूटलोडरांना त्या अपडेटने मज्जाव केला होता, त्यामुळे जुन्या इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हही चालेनात. ज्यांनी तो संदेश नीट वाचला, त्यांनी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद केलं, लिनक्समध्ये शिरून जुन्या बूटलोडरांना रोखणारी एसबॅटची नवी नोंद एका कमांडने पुसली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि सिक्युअर बूट परत चालू केलं.

मात्र डिस्कच अखेरच्या घटका मोजत असेल, पडद्यावर वाचता न येणाऱ्या सेक्टरांच्या तक्रारी ओळीने येत असतील, तर हा छंद बाजूला ठेवावा. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवावा. फाइलसिस्टिम दुरुस्त करणारं एफएससीके त्यानंतर.